दिलीपभाऊची लाईन चालू होती

माझ्या नावानं आजवर बरीच पत्रकं निघाली, पण त्यातल्या एकातही ही गोष्ट नाही. तोंडीही मी ती कुठं बोललेलो नाही. दादाला माहीत नाही, बाबांना माहीत नाही, आणि जिचं नुकसान झालं तिला तर — थांबा, तिच्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. गावाला ‘सरळ बोला’ म्हणून सांगत फिरणाऱ्या माणसाला स्वतः सरळ बोलताना एवढा फेरा का पडावा? चीड येते. पण पडतो. तुम्ही समोर बसला आहात, चहा निवत चालला आहे आणि तुम्हाला घाई नाही, असं समजून लिहितो.

आमचं घर राजूरचं. वणीच्या बाजूला, कोळशाच्या खाणीचं गाव. बाबा खाणीत होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं मात्र ढीगभर — गुलाबी, पिवळी, पोपटी, बोटांना शाई लागेल अशी. मी अक्षरं त्यांवरच शिकलो. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होते, असं आई सांगते. पाळी बदलायच्या वेळेला खाणीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी पत्रक मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे बशीत चहा ओतून ऐकायचे. अजूनही तसंच चालतं. मोबाईल आले तरी पत्रक टपरीवर लागल्याशिवाय राजूरला ते खरं वाटत नाही.

बाबांचा एक नियम होता. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं, त्याला आधी जाऊन वाचून दाखवायचं. साहेब असो, मुकादम असो, ठेकेदार असो. त्याचं म्हणणं ऐकायचं, आपली चूक निघाली तर ती ओळ तिथंच खोडायची, आणि मगच छापायला द्यायचं. मी लहानपणी बाबांच्या मागं उभं राहून हे पाहिलेलं आहे — साहेब व्हरांड्यात दाढी करताहेत आणि बाबा त्यांनाच त्यांचा निषेध वाचून दाखवताहेत. साहेबांनी गालाला फेस तसाच ठेवून एक तारीख दुरुस्त करून दिली होती. बाबांनी दुरुस्त केली, आभार मानले, आणि संध्याकाळी पत्रक लागलं.

हा नियम लक्षात ठेवा. मी तो विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

माझी पत्रकं वेगळ्या विषयाची. आपण मोबाईलवर काय पाहतो, कुणाशी बोलतो, काय शोधतो हे कोण कोण टिपून ठेवतं, त्याविषयी. ‘तुमच्या खिशातला पहारेकरी’ हे माझं पहिलं. टपरीवर वाचलं गेलं तेव्हा लोक हसले, पण दोघाचौघांनी मोबाईल खिशातून काढून उपडा ठेवला, एवढं मला पुरेसं होतं. मग प्रश्न आला — लोकांना सांगतोस, तुझ्या घरचं काय? प्रश्न रास्त होता. म्हणून मी घरच्या राऊटरवर व्हीपीएन बसवायचं ठरवलं.

बाबांना समजावताना मी म्हणालो, भुयार समजा. आपल्या घरातून निघालेलं सगळं भुयारातून जाईल आणि दूर कुठल्यातरी देशात वर निघेल. मधल्या कुणाला आत काय चाललंय ते दिसणार नाही. बाबांनी जन्म भुयारात काढलेला. ते म्हणाले, ‘‘अन् छत बसलं तं?’’ मी हसलो. खाणीतल्या माणसाला छतच सुचणार, असं वाटलं.

आता निवडीचं सांगतो, कारण माझी सगळी घमेंड तिथंच आहे. कोणता प्रोटोकॉल, म्हणजे भुयार खणायची कोणती पद्धत, घ्यावा, तो राऊटरवर कुठल्या सॉफ्टवेअरनं चालवावा — यावर तुम्ही कधी वाचलंय? वाचू नका. प्रत्येक लेख शपथेवर सांगतो की हाच सर्वांत सुरक्षित आणि हाच सर्वांत वेगवान, आणि खाली त्याच दुकानाचं बटण असतं. पीपीटीपी नावाचा म्हातारा राऊटरमध्ये आयताच होता. एका टिचकीत सुरू झाला असता, पण त्याचं कुलूप कधीचंच फुटलेलं. हे ठाऊक असूनही तो राऊटरमध्ये देतात, आणि खाली एका शब्दाची सूचना देत नाहीत. का देतात? कुणाला विचारायचं? आयकेई नावाचा एक, मोबाईलवर चांगला. आमच्या राऊटरला त्याचा पत्ताच नाही. वायरगार्ड — नवा, आटोपशीर, हलका. आणि ओपनव्हीपीएन — जुना, जड, पण अनेक जाणत्यांच्या नजरेखालून गेलेला.

प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून भागलं असतं. पण आई ॲप सुरू करणार? बाबा लक्षात ठेवणार? म्हणून राऊटरवरच. घरात दोन डबे होते. एक पांढरा, आमच्या केबलवाल्यानं भिंतीला ठोकलेला, खांबावरून आलेल्या तारेतून इंटरनेट घरात आणणारा. दुसरा काळा, माझा राऊटर, जो ते घरभर पसरवायचा. काळ्या डब्यातलं मूळचं सॉफ्टवेअर मी पुसलं आणि खुलं सॉफ्टवेअर टाकलं. पहिल्या रविवारी डबा मेलाच. दादा म्हणाला, खिळा ठोकून देऊ, टोप्या अडकवायला कामी येईल. दुसऱ्या रविवारी तो जिवंत झाला, आणि मी घरभर असा फिरलो जसा काही मी कारखानाच ताब्यात घेतला.

मी ओपनव्हीपीएन निवडला. वायरगार्डला मी तेव्हा नवखा म्हणायचो, जसं काही पक्षात सभासद घ्यायचा होता. त्यातही टीसीपी पद्धत निवडली — पाठवलेला माहितीचा तुकडा पोचला नाही तर पुन्हा पाठवायचा, आणि मागच्यांना तोवर थांबवून ठेवायचं. कुठल्याही अडथळ्यातून ही पद्धत निघते म्हणतात. निघते. बैलगाडीनं निघते. डब्याचा जीव लहान, त्यावर हा भार. आणि सगळ्यावर कडी म्हणून किल स्विच. म्हणजे भुयार मिटलं तर घरातून काहीच, कुणाचंच, बाहेर जाऊ द्यायचं नाही. उघड्यावर जाण्यापेक्षा बंद बरं, असं मी जेवताना ऐकवलंसुद्धा. कुणी विरोध केला नाही. कुणाला समजलंच नव्हतं, तर विरोध कसा करणार? मी त्याला संमती म्हटलं.

आता वहिनी.

वहिनी पुसदच्या. त्यांचा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. त्याच्याशी बोलायला त्या लहानपणीच हातांची भाषा शिकल्या, पुढं त्याचंच रीतसर शिक्षण घेतलं. मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायचं, हे त्यांनी लग्नाच्या बैठकीत दादाला सांगितलं होतं, आणि दादानं हो म्हटलं होतं. आमचं घर खाणीच्या रस्त्यावर. कोळशाचे ट्रक सुरू झाले की रस्त्यापलीकडे मारलेली हाक पोचत नाही, घशाला फक्त धूळ लागते. वहिनी आल्या आणि वर्षभरात आम्ही सगळे हातांनी बोलायला लागलो — जेवायला ये, पाणी आलं, बाबांना बोलाव, दूध उतू गेलं. शेजारी आधी हसले, मग शेजारणीही तसंच बोलायला लागल्या.

त्या भाषेत माणसाला नाव द्यायची रीत आहे. अक्षरांचं नाही, खुणेचं. वहिनींनी घरात सगळ्यांना दिलं. बाबांची खूण म्हणजे खिशातून कागद काढणं. दादाची जांभई, कारण रात्रपाळी. माझी खूण — एक बोट ओठांवर ठेवायचं आणि तिथून सरळ समोर न्यायचं. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं बोलणं सरळ असते न भाऊजी.’’

तेव्हा किती बरं वाटलं होतं मला.

मुलाखत ऑनलाईन होती. शाळा नागपूरची, परीक्षक तीन गावांत बसलेले, उमेदवारानं आपल्या घरून हातांनी एक धडा शिकवून दाखवायचा. आवाजाचं त्यात काही नव्हतं. चित्र हलायला हवं, बस. आमच्या घरात मोबाईलचं नेटवर्क खिडकीत उभं राहून लागतं, तेही एक दांडी. म्हणजे सगळी भिस्त त्या दोन डब्यांवर. आठवडाभर आधी वहिनी माझ्याकडे आल्या. भावाशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं होतं. ‘‘भाऊजी, त्या दिवशी तेवढा तास तुमचं भुयार बंद ठेवता काय? माह्या हाताचं चित्र अटकते मधातच.’’

किती साधं मागणं होतं. मी काय केलं? मी भाषण दिलं. एकदा सोयीसाठी दार उघडलं की ते उघडंच राहतं, सूट मागणारा प्रत्येक जण असंच म्हणतो की फक्त एक तास — असं बरंच. बाईनं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. शेवटी ‘‘बरं’’ म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

मुलाखतीत चित्र अडकलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मी मागं उभा होतो. पडद्याच्या कोपऱ्यात वहिनींचं स्वतःचं चित्र दिसत होतं, आणि त्यात त्यांचा हात अर्ध्या शब्दावर थांबलेला. इकडे खरे हात पुढं निघून गेलेले, तिकडे परीक्षकांना तोच एक अर्धा शब्द. मग चित्र धावायचं, मग थांबायचं. मग सगळंच गेलं.

त्याच दुपारी, घरात कुणी नसताना, मी काळ्या डब्यातली वायर काढून थेट पांढऱ्या डब्यातून माझ्या लॅपटॉपला लावली. व्हिडिओ लावून पाहिला. पाण्यासारखा चालला. पुन्हा काळा डबा मधे घातला — अडकला. म्हणजे मला कळलं होतं. त्याच दुपारी. लाईन चांगली होती. माझं भुयार बसलं होतं. नंतर समजलं, उशिरा उमगलं, असलं काही मी म्हणणार नाही. वहिनी परत आल्या आणि त्यांनी विचारलं, लाईन गेलती काय? मी म्हणालो, हो.

बस, एवढंच. ‘हो’ म्हणायला काय लागतं?

आमचा केबलवाला म्हणजे दिलीपभाऊ. अख्ख्या गावाला त्याचीच तार. तो काही फार गोड माणूस नव्हता — फोन उचलायचा नाही, उद्या येतो म्हणून परवा यायचा, शिडी कुणाच्याही भिंतीला लावून कुणाच्याही तुळशीत पाय द्यायचा. गावात तक्रारी होत्याच. टपरीवर पोरं मला म्हणत होती, वहिनीसोबत एवढं झालं, आता तरी लिहा याच्यावर. मी लिहिलं. त्यात तक्रारी लिहिल्या, त्या खऱ्या होत्या. आणि मधोमध एक परिच्छेद वहिनींचा घातला — तारेच्या निष्काळजीपणापायी आपल्या गावच्या एका लेकीची मुलाखत बुडाली, असा. भाषा चांगली साधली होती. मला माहीत आहे, कारण तो परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला होता.

छापायला देण्याआधी मी दिलीपभाऊला वाचून दाखवलं नाही. घरासमोरून त्याची गाडी दोनदा गेली. एकदा तर त्यानं मला पाहून हॉर्नही दिला. बाबांनी विचारलं, वाचून दाखवलं काय त्याले? मी म्हणालो, फोन उचलत नाही. बाबा म्हणाले, घर माहीत आहे न? आणि मी चप्पल घालून बाहेर पडलो, नाक्यापर्यंत जाऊन परत आलो.

पत्रक पिवळ्या कागदावर लागलं. टपरीवर मोठ्यानं वाचलं गेलं.

दोनतीन दिवसांनी दिलीपभाऊ आमच्या दारात उभा. मी आतल्या खोलीत होतो, मला वाटलं भांडायला आला. भांडला असता तर मी जिंकलो असतो, बोलण्यात मला कोण हरवतं? तो वहिनींशी बोलत होता. ‘‘वहिनीबाई, तुमच्या पत्रकानंतर म्या सगळे जोड तपासले. खांबावर चढून पाह्यलं, एकही खराब नाही सापडला. पण तुमचे भाऊजी खोटं लिहिणार नाही, हे मले मालूम आहे. तवा माह्याकडूनच काही तरी झालं असन. माफ करजा.’’

तुम्हाला कळतंय ना? त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या कागदावर भरवसा जास्त होता. तो खांबावर जाऊन पाहून आला होता आणि तरी मलाच खरं मानत होता. दारामागं उभं राहून मी ते ऐकलं. वहिनींनी त्याला चहा दिला. मी बाहेर आलो नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. अजून काही बिघडलेलं नव्हतं. एक मुलाखत गेली होती, दुसरी मागता आली असती. पण मी गप्प राहिलो, आणि मग माझं खोटं स्वतःच कामाला लागलं. वहिनींनी शाळेला मेल लिहिला — तांत्रिक दोष केबलवाल्याचा होता, पुन्हा एकदा संधी द्यावी — आणि पुरावा म्हणून माझ्या पत्रकाचा फोटो जोडला. शाळेनं संधी दिली. शेवटची, असं स्पष्ट लिहून. वहिनी मला म्हणाल्या, तुमच्या लिहिण्यानं झालं भाऊजी. आईनं त्या दिवशी माझ्या आवडीचं भरीत केलं, आणि मी ते खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेऊन खाल्लं.

घरात नवी लाईन आली, दुसऱ्या केबलवाल्याची. गावातल्या आणखी काही घरांनी दिलीपभाऊला सोडलं. नव्या माणसानं नवा पांढरा डबा ठोकला. काळा डबा मात्र तोच, कारण त्याच्यावर कुणाचा संशयच नव्हता.

तुम्ही म्हणाल, निदान आता तरी तो तास बंद ठेवायचा. गुपचूप ठेवला असता तरी चाललं असतं. मीही स्वतःला हे विचारलेलं आहे. पण मला तेव्हा आणखी शहाणपण सुचलं होतं — चूक कबूल न करता दुरुस्त करायची. मी मुलाखतीच्या आठवड्यात ओपनव्हीपीएन काढून वायरगार्ड बसवला. त्याच नवख्याला, ज्याला मी दारात उभं केलं नव्हतं. आणि खरं सांगतो, फरक इतका होता की मला राग आला. चित्र लख्ख, हात सुरेख हलतोय, डबा थंड. म्हणजे पहिल्याच दिवशी हा निवडला असता तर? वहिनींनी भावाशी बोलून पाहिलं आणि खुशीत म्हणाल्या, नवीन लाईन छान आहे.

मी म्हणालो, हो, छान आहे.

किल स्विच तसाच ठेवला होता.

मुलाखतीचा दिवस उन्हाळ्याचा. वहिनींना घाम येऊ नये म्हणून दादानं पाळी बदलून घेऊन कूलर आणून लावला, आणि लाईट गेली तरी तो बंद पडू नये म्हणून त्याची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात घातली. दोन्ही डबेही त्याच बोर्डावर. दादाच्या मनात काही वाईट होतं का? बायकोला गार वारा मिळावा, एवढंच. वहिनींचा धडा सुरू झाला. पाऊस म्हणजे काय, हे त्या लहान मुलांना शिकवत होत्या. पडद्यावर परीक्षक माना डोलावत होते. बाबा खाटेवर सरळ बसून पाहत होते, त्यांना एक अक्षर कळत नव्हतं तरी.

लाईट गेली. इन्व्हर्टरला कूलर झेपला नाही, इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला आणि दोन्ही डबे विझले. दादानं धावत जाऊन कूलरची पिन काढली, बटण दाबलं, डबे पुन्हा जागे झाले. लॅपटॉप बॅटरीवर होता, तो चालूच. पांढऱ्या डब्याचा हिरवा दिवा लागला, स्थिर. म्हणजे लाईन आली होती. काळ्या डब्यानं वायफाय दिलं. पण पडदा हलेना.

मी माझ्या मोबाईलवर राऊटरचं पान उघडलं आणि मला दिसलं. तारीख जुनी होती. अशा डब्यात घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की तो मागच्या कुठल्यातरी तारखेवर जागा होतो आणि मग इंटरनेटवर जाऊन खरी वेळ विचारून घेतो. वायरगार्डचं दुसरं टोक मात्र मागच्या भेटीहून जुनी वेळ सांगणाऱ्याला ओळखच देत नाही. कुणी जुना निरोप पुन्हा पाठवून फसवत असेल तर, म्हणून. म्हणजे भुयार उघडायला खरी वेळ हवी, खरी वेळ विचारायला बाहेर जायला हवं, आणि भुयाराशिवाय बाहेर जायची प्रत्येक फट मी स्वतःच्या हातानं बुजवलेली. किती चोख काम. घरात बसून मी घराला गाडलं होतं.

आणि आता तो क्षण. इथंच मला यायचं होतं, आणि इथंच येऊ नये असं वाटत होतं.

उपाय काय होता? एक वायर. काळ्या डब्यातून काढायची आणि लॅपटॉपला लावायची. माझा हात तिथून वीतभर लांब होता. परीक्षक अजून तिकडे बसलेले असणार, वाट पाहत. खिडकीतलं मोबाईलचं नेटवर्कही गेलं होतं, लाईट गेली की आमचा टॉवर झोपतो; म्हणजे वायर हाच रस्ता होता आणि तो माझ्या हाताशी होता. पण वायर हलवली असती आणि चित्र आलं असतं, तर त्या खोलीत दादानं, बाबांनी, वहिनींनी एका क्षणात पाहिलं असतं की लाईन गेलेलीच नव्हती. आता नाही, आणि मग तेव्हाही नाही. मग पिवळं पत्रक काय? मग दारात माफी मागून गेलेला दिलीपभाऊ काय?

वहिनींचे हात अजून हवेत होते. चित्र येईल म्हणून त्यांनी ते खाली घेतले नव्हते, पाऊस अर्धा पडून थांबला होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांना ऐकू जाईल की काय अशा सवयीनं त्या तोंडानं बोलल्या नाहीत. भुवया उडवून, हात किंचित हलवून विचारलं — काय झालं?

मी बाहेरच्या खांबाकडे बोट दाखवलं. दोन मुठी एकमेकींना जोडल्या आणि तोडल्या. तुटली.

ही खूण मला त्यांनीच शिकवलेली. त्यांच्या भावाशी बोलता यावं म्हणून त्या जी भाषा शिकल्या, आम्हाला ट्रकांच्या आवाजात एकमेकांना हाक मारता यावी म्हणून जी त्यांनी दिली, त्या भाषेत मी खोटं बोललो. तोंडानं तर आधीच बोललो होतो.

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

शाळेनं पुन्हा संधी दिली नाही. जागा भरली. वहिनींनी मलाच समजावलं, ‘‘जाऊ द्या भाऊजी, तुम्ही तरी काय करान.’’ दादानं नव्या केबलवाल्याला फोनवर इतक्या शिव्या घातल्या की आईनं दार लावून घेतलं. टपरीवर पोरं म्हणाली, आता याच्यावरही काढा पत्रक. मी काढलं नाही. त्यावर कुणी म्हणालं, याला नव्या माणसानं फुकट कनेक्शन दिलं असेल. मला ते ऐकून जवळजवळ बरं वाटलं, निदान कुणाला तरी माझा संशय आला होता, चुकीचा का असेना. बाबांनी एकदाच विचारलं, खाली बघत, सुपारी कातरता कातरता. ‘‘तुह्या भुयाराचं तं काही नाही न यात?’’ मी नाही म्हणालो. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. नंतर कधी विचारलं नाही, आणि त्यांनी विश्वास ठेवला की नाही हे मला कळलेलं नाही.

काळा डबा अजून चालू आहे. घड्याळाचं काम मी त्याच आठवड्यात केलं — वेळ विचारायला जाण्यापुरती एक बारीक फट ठेवली. सेटिंगमधली एक ओळ. आता कितीही वेळा लाईट जाऊ द्या, भुयार आपलं आपण उघडतं. कुणी राऊटरसाठी सल्ला मागितला तर मी सांगतो — आमच्यासारख्या लहान डब्याला वायरगार्ड घ्या, आधी लाईट घालवून तपासा, आणि घरच्यांना बंद करायचं बटण दाखवून ठेवा. लोक म्हणतात, याला बरंच कळतं.

दिलीपभाऊ आता स्वतःची लाईन चालवत नाही. दुसऱ्याच्या हाताखाली खांबांवर चढतो. भेटला की हॉर्न देतो. वहिनी इथल्याच एका खासगी शाळेत बालवाडीला आहेत. गाणी म्हणून घेतात, अभिनय करून दाखवतात, पोरांना आवडतात. त्या वर्गात सगळ्या मुलांना ऐकू येतं.

बाबांच्या नियमाप्रमाणे हे छापण्याआधी ज्याच्याविरुद्ध आहे त्याला वाचून दाखवायचं. ते झालं, मी स्वतःलाच तीनतीनदा वाचून बसलो आहे. ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासाठी बाबांनी नियम केला नव्हता; बाबांना तशी गरज पडली नसावी. आतापर्यंतचे कागद घडी करून खिशात आहेत.

आत्ता हे शेवटचं पान टपरीवर बसून लिहितो आहे. पाळी सुटली आहे, ट्रकांची रांग लागली आहे, शेजारचा काय म्हणतोय तेही ऐकू येत नाही. रस्त्याच्या पलीकडे वहिनी आमच्या घराच्या दारात आल्या आहेत. दोन ट्रकांच्या मधल्या जागेतून त्यांनी मला शोधलं. बोट ओठांवर ठेवलं, सरळ समोर नेलं, आणि मग पाची बोटं तोंडाशी — जेवायला या.

मी हात वर केला.